पाऊण बोट

ओन्दिनाच्या दुकानाचा शेवटचा आठवडा.
साबण, मेणबत्त्या, उंदरांचं औषध अर्ध्या किमतीत,
आणि गल्ल्याच्या मागे, कुणी कधी न मागितलेली
ही बाटली: चौकोनी, खांद्यांशी जरा चढेल.
लेबल उन्हानं खाल्लेलं,
नावातली शेवटची तीन अक्षरं तेवढी शाबूत,
आणि तळाशी पाऊण बोट द्रव, करपल्या साखरेच्या रंगाचा.
"युद्धाआधीचं की नंतरचं?" मी विचारलं.
"कुठल्या युद्धाच्या?" ती म्हणाली
आणि बारा युरो मोजून घेतले.

काचेचं बूच हटेना.
कोमट पाण्यात बुडवलं, दोऱ्यानं घासलं,
शेवटी बंदरावरच्या बोलीत दोन शिव्या घातल्या
तेव्हा कुठे कुरकुरत सुटलं.

पहिली दहा मिनिटं, खरं सांगते, वाईट.
नेलपॉलिश. बंद पडलेल्या दवाखान्याची फरशी.
लिंबाच्या कुळातलं जे काही होतं ते केव्हाच गेलंय,
त्याचा नुसता आंबूस राग उरलाय.
मनगट अंगापासून लांब धरून मी स्वयंपाकघरात उभी,
परक्याचं रडकं मूल कुणी हातात दिल्यासारखी.

मग काहीतरी त्वचेवर येऊन टेकलं.
जाई नव्हे, जाईची उशी,
जिच्यावरून कुणी आत्ताच उठून गेलंय.
तिच्याखाली ओकच्या सालीवरचं ओलं शेवाळ,
त्याखाली हातमोज्याच्या आतलं चामडं,
आणि अगदी तळाशी एक जनावर
झोपलेलं, पण कान टवकारून.
लोणच्यासारखं मुरलंय हे
माझ्या जन्माच्याही आधीपासून, अंधारात.

वास म्हटलं की लोकांना आई आठवते.
माझ्या आईला सार्डिनच्या कारखान्याचा वास यायचा.
हिरव्या साबणानं कोपरापर्यंत घासायची,
तरी नखांतून मासे डोकावायचेच.
हे मला कशाचीच आठवण करून देत नाही.
मीच शिरलेय कुणा दुसरीच्या आठवणीत,
किल्ली सापडली म्हणून,
दिव्याचं बटण कुठाय ते ठाऊक नसताना.

कचेरीत टुल्लियोनं काही न बोलता खिडकी उघडली.
बाहेर बोरा सुटलेला.
आमचा हा वारा कुणाच्या अंगावर काही ठेवत नाही,
टोपी नाही, छत्री नाही, अब्रू तर नाहीच.
चढावर पूर्वी धरायला दोरखंड बांधत.
मी रेलिंग धरून सान वीतो चढले
आणि वाटलं, गेलं असणार, बारा युरो समुद्रात.

तो कोटाच्या बाहीत दडून बसला होता.

गुरुवार. बाबांना सूप भरवायचं.
अकरा महिने झाले, मी त्यांच्यासाठी नेरीना आहे,
त्यांची वारलेली बहीण,
किंवा मग "अगं ए".
चमचा पुढे केला, बाही वर सरकली,
आणि ते थांबले.
शर्टाचं वरचं बटण चाचपडत लावलं.
टेबलाचा आधार घेत, गुडघे थरथरत, उभे राहिले.
"तुम्ही आलात," म्हणाले.

तुम्ही.
आमच्या घरात कुणी कुणाला तुम्ही म्हटलेलं नाही.
आईला तर ते हाकही मारत नसत,
ताटलीवर चमचा वाजवत.

कोण ती, विचारायला हवं होतं.
प्रश्न जिभेवर होता, मिठासारखा.
मी म्हटलं, "हो."
आणि गेली कित्येक वर्षं मीच पुसत आलेल्या खुर्चीत
पाहुणीसारखी टेकले, अर्धवट.
त्यांनी जिन्याबद्दल विचारलं, फार दम लागला का.
शर्टाच्या टोकानं पेला पुसून दिला.
स्वतःचं सूप माझ्यापुढे सरकवलं.
मी प्यायले. मीठ कमी होतं, मीच केलेलं.
"वारा पडेपर्यंत थांबा," ते म्हणाले,
आणि खिडकीकडे असं पाहिलं
जणू तो पडू नये.

बूच आता सहज निघतं.
अर्धं बोटही उरलेलं नाही.
फक्त गुरुवारी लावते, एकच थेंब, बाहीच्या आत.
रविवारी नाही.
रविवारी त्यांना आंघोळ घालायची असते.
तिथे मुलगीच लागते.